‘ट्रू’ आलं म्हणजे बंद झालं, असं नाही

डॉटनेटमधून (मायक्रोसॉफ्टचं प्रोग्रॅम लिहिण्याचं व्यासपीठ) दुसरा प्रोग्रॅम नीट बंद करायला क्लोजमेनविंडो ही आज्ञा वापरावी, हे बरोबरच. पण तिने ‘ट्रू’ (म्हणजे ‘हो’) असं उत्तर दिलं की समोरचा प्रोग्रॅम बंद झाला, हा समज चुकीचा. ‘ट्रू’चा अर्थ एवढाच, की मुख्य विंडोला बंद होण्याचा निरोप गेला. वर्डमध्ये सेव्ह न केलेलं काही असेल तर तो आधी विचारणार. कुणी ‘कॅन्सल’ दाबलं की वर्ड चालूच!

खरं उत्तर वेटफॉरएक्झिट, म्हणजे प्रोग्रॅम बंद होण्याची वाट पाहणारी आज्ञा, देते. तिला थांबण्याची मुदत द्या. मुदत संपताच थेट किल (प्रोग्रॅम जबरदस्तीने बंद करणारी आज्ञा) चालवणारे महाभागही आहेत; तेव्हा सेव्हचा प्रश्न स्क्रीनवरच असतो आणि सेव्ह न केलेलं लिखाण हरवतं. विंडोच नसलेल्या प्रोग्रॅमला मात्र हा निरोप पाठवताच येत नाही, तिथे ‘फॉल्स’ (म्हणजे ‘नाही’) मिळतं.