वाळूचे खांब आणि कान्साईचा चिखल

‘जपानचा विमानतळ समुद्रात बुडतोय’ अशी पोस्ट दर काही महिन्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. ओसाकाजवळचा कान्साई विमानतळ समुद्रात भराव टाकून केलेल्या बेटावर १९९४ मध्ये सुरू झाला. काम सुरू झाल्यापासून ते बेट १३ मीटरहून जास्त खचलं आहे, हे खरंच. पण भराव टाकण्याआधी तळच्या चिखलात दहा लाखांच्या आसपास वाळूचे खांब घातले होते आणि त्यांनी आपलं काम चोख केलं, हे त्या पोस्टमध्ये कधीच नसतं.

हे खांब भार पेलायला नव्हते. पाण्याला वाट करून द्यायला होते.

खाडीतली राखाडी चिकणमाती बोअरच्या नळीतून निघालेली मी हातात घेतली आहे. अंगठा लोण्यात जावा तसा आत जातो. अशा मातीत कोरड्या मातीच्या वजनाइतकं पाणी असू शकतं आणि कण इतके बारीक की ते सहजासहजी सुटत नाही. वर भराव टाकला की सुरुवातीला त्याचा भार मातीचे कण घेतच नाहीत, कोंडलेलं पाणी घेतं. पाणी झिरपून जाईल तसा भार कणांवर येतो, कण एकमेकांना भिडतात, माती दबते आणि घट्ट होते. हे कन्सॉलिडेशन. मृदा-यांत्रिकीचे जनक मानले जाणारे अभियंते कार्ल तेरझागी यांनी त्याचं गणित १९२० च्या दशकात मांडलं.

त्या गणितातली एक गोष्ट मला फार आवडते. लागणारा वेळ पाण्याच्या वाटेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वाट दुप्पट झाली की बाहेर काढायचं पाणी दुप्पट होतं, शिवाय तोच दाब दुप्पट अंतरावर विभागला गेल्यानं पाण्याचा वेग निम्मा होतो. म्हणून वेळ चौपट. चक्क्यासाठी दही टांगणाऱ्यांना हे सवयीनं माहीत असतं: एका मोठ्या पुरचुंडीपेक्षा दोन लहान लवकर निथळतात.

कान्साईचा वरचा मऊ थर साधारण २० मीटर जाड. वरून-खालून दोन्हीकडून पाणी सुटतं असं धरलं तरी मधल्या पाण्याला १० मीटर जायचं आहे. तिथे अडीच-अडीच मीटरवर ४० सेंटिमीटर व्यासाचे वाळूचे खांब उतरवले. आता पाण्यानं आडवं सव्वा मीटर गेलं की वाळू लागते. अंतर आठपट कमी, वेळ चौसष्टपट कमी! हा ढोबळ हिशेब झाला. काटेकोर हिशेबात अरीय प्रवाह (चहूबाजूंनी खांबाकडे येणारं पाणी), खांबांमधलं अंतर आणि त्यांचा व्यास यांचं गुणोत्तर, खांबासाठी जमिनीत नळी घुसवताना कडेची माती लिंपली जाऊन झिरपा मंदावणं, हे सगळं येतं.

आपल्याकडे खालची माती अशी कमीजास्त दबून भिंतीला तडे गेले तरी वास्तुदोष शोधतात. दार कुठल्या दिशेला आहे याचा चिखलातल्या पाण्याच्या दाबाशी काडीचाही संबंध नाही. बांधण्याआधी बोअर घेऊन माती तपासून घ्या.

मग बेट अजून का खचतंय? खांब वरच्या थरापुरतेच होते. त्याखाली शेकडो मीटर खोलपर्यंत चिकणमातीचे आणखी जुने थर आहेत. तिथवर खांब पोचले नाहीत, त्यामुळे तिथलं पाणी आपल्या चालीनं निघतंय. १९९४ मध्ये बेट वर्षाला ५० सेंटिमीटर खचत होतं, आता ६ च्या आसपास. टर्मिनलच्या इमारतीला पेलणाऱ्या सुमारे ९०० खांबांना जॅकची सोय आहे. एखादी बाजू जास्त बसली की तिथला खांब उचलतात आणि खाली पोलादी पट्ट्या सरकवतात.