नवी मुंबईतल्या स्वस्त घरांचं गणित

सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची, घरांची सोडत निघाली की 'ही घरं सामान्यांसाठी आहेत का?' हा प्रश्न हमखास विचारला जातो. मुंबईवरचा भार कमी करायला निघालेल्या महामंडळाला हा प्रश्न ऐकावा लागतो, याची मुळं स्थापनेच्या काळातच आहेत.

१९६५ मध्ये 'मार्ग' नियतकालिकातून चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे जोडशहर वसवण्याची कल्पना मांडली. मुंबई उत्तरेकडे लांबत होती आणि नोकरीसाठी सगळे रोज दक्षिणेकडे धावत होते. पलीकडे नुसती घरं बांधून भागणार नव्हतं. रोजगारही न्यायला हवा होता, त्यातही सरकारी कचेऱ्या आधी. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. तिच्या वाट्याला ९५ गावं आली, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर. हिशेब सरळ होता: जमीन घ्यायची, रस्ते-पाणी द्यायचं, व्यापारी भूखंड चढ्या भावाने विकायचे आणि त्या पैशातून लहान घरं स्वस्तात द्यायची.

पण सरकार स्वतःच हललं नाही. मंत्रालय जागेवर राहिलं, आणि त्याच काळात नरिमन पॉइंटला भराव टाकून कार्यालयांचे मनोरे उभे राहिले. माझ्या मते नव्या शहराचं सर्वांत मोठं नुकसान इथेच झालं. वाशीचा खाडीपूल १९७३ मध्ये झाला. लोकल मात्र वाशीला पोचायला १९९२ उजाडलं, तीही सिडकोने दोन तृतीयांश खर्च उचलला म्हणून. शहरात खरी वर्दळ आणली ती मशीद बंदर भागातून हललेल्या घाऊक बाजारांनी. कांदा-बटाट्यापाठोपाठ मसाला, धान्य आलं. गोण्या वाहणारे सातारा-सांगलीकडचे माथाडी कामगार कोपरखैरणे, घणसोलीत राहायला आले. काम आणि घर जवळजवळ, हे मूळ स्वप्न त्यांच्या वाट्याला थोडं तरी आलं.

जमिनी दिलेल्या आगरी-कोळी शेतकऱ्यांना मिळालेला मोबदला तुटपुंजा होता. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन पेटलं, जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातल्या जासई परिसरात गोळीबार झाला, पाच जणांचा जीव गेला. त्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली.

भूखंडविक्री हाच सिडकोचा मुख्य पैसा राहिला. निविदेत सर्वाधिक बोली लावणाऱ्याला भूखंड मिळतो, त्या बोलीने आजूबाजूचे भाव चढतात, आणि त्या भावांची झळ सोडतीतल्या घरांनाही लागते.