जुलाब लागलेत? मग आज पोळपाटाला हात नको

नौपाड्यातलं पोळी-भाजी केंद्र असो की वाशीतलं हॉटेल, अन्नाच्या धंद्याला २०११ च्या अन्न परवाना-नोंदणी नियमांचं परिशिष्ट ४, म्हणजे स्वच्छतेचे नियम, लागू आहे. तपासायला येतो तो अन्न व औषध प्रशासनाचा अधिकारी. महापालिकेत खेटे घालून उपयोग नाही.

कागद सोपा आहे. अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी करायची. ठरलेल्या नमुन्यात डोळे, त्वचा आणि टायफॉइडसारख्या आजारांच्या लशीची नोंद असते. दाखला जागेवरच ठेवायचा.

पण दाखला जूनमधला आणि जुलाब आजचे, तर दाखला काय कामाचा? कावीळ, जुलाब, उलट्या, ताप, तापासोबत घसादुखी, पिकलेली जखम किंवा करट, कान-डोळे-नाकातून वाहणं, यातलं काहीही झालं तर कामगाराने सांगायचं आणि मालकाने त्याला अन्नापासून लांब ठेवायचं. ‘गल्ल्यावर बसवतो’ हा तोडगा मुरगळलेल्या पायाला ठीक. जुलाबवाल्याचा हात गर्दीत डब्याकडे जातोच.

कापलेलं बोट सगळेच हसण्यावारी नेतात. पिकलेल्या बोटातले स्टॅफिलोकॉकस जंतू बटाट्याच्या सारणात गेले आणि परात दुपारभर बाहेर राहिली, की त्यात विष तयार होतं. वडा तळताना जंतू मरतात, विष मात्र उरतं. साधी जखम असेल तर पाणी न शिरणारी पट्टी, वर हातमोजा.

परत कधी घ्यायचं? जुलाब-उलट्या पूर्ण थांबल्यावर ४८ तासांनी, हा ब्रिटनमधला ठोकताळा इथेही वापरण्याजोगा आहे. टायफॉइड, कावीळ झाली असेल तर डॉक्टरने लेखी दिल्याशिवाय नाही. टायफॉइडचे जंतू ताप गेल्यावरही पोटात राहू शकतात.

खरी अडचण खाड्याची. पगार कापला जाणार म्हणून माणूस गोळी घेऊन उभा राहतो. कामगार विमा (ईएसआय) असेल आणि सहा महिन्यांच्या वर्गणी काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर आजारपणात सरासरी रोजाच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. त्यासाठी विमा दवाखान्याचाच दाखला लागतो. मात्र पहिले दोन दिवस सहसा धरत नाहीत, आणि जुलाब नेमके तेवढेच टिकतात! २०१७ चा दुकाने कायदा लागू असेल तिथे ते दोन दिवस ८ पगारी किरकोळ रजांतून काढा.

ई-पहचान कार्ड (कामगार विम्याचं ओळखपत्र), आधार आणि बँक खात्यावरचं नाव जुळतं ना, ते माणूस धडधाकट असतानाच बघून घ्या.