सांडपाण्याचा आरओ: क्लोरामाइन कसं आलं, का टिकलं

कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटीत १९७०च्या दशकात, समुद्राचं खारं पाणी भूजलात शिरू नये म्हणून, आरओतून (रिव्हर्स ऑस्मोसिस, म्हणजे दाबाने पाणी अतिबारीक पडद्यातून, मेम्ब्रेनमधून, गाळणं) काढलेलं सांडपाणी जमिनीत सोडायला सुरुवात झाली. आरओआधी चुना घालून सामू (पीएच) ११च्या वर न्यायचा, गाळ खाली बसवायचा आणि कार्बन डायऑक्साइडने सामू पुन्हा उतरवायचा, अशी रीत होती. गाळ ढीगभर निघे आणि निसटलेला चुना मेम्ब्रेनवरच बसे. पुढे पोकळ तंतूंचं मायक्रोफिल्ट्रेशन (तंतूंच्या सूक्ष्म छिद्रांतून गाळणं) आलं आणि चुना सुटला. २००३मध्ये सिंगापूरने आणि २००८मध्ये ऑरेंज काउंटीच्या नव्या प्रकल्पाने आधी मायक्रोफिल्ट्रेशन, मग आरओ हाच क्रम ठेवला.

पण मायक्रोफिल्टर गाळ अडवतो, विरघळलेलं सेंद्रिय द्रव्य नाही. त्यावर जिवाणू पोसतात आणि मेम्ब्रेनवर बुळबुळीत थर धरतो. जिवाणूंना आवरायला क्लोरीन हवं. जुन्या सेल्युलोज अॅसिटेटच्या मेम्ब्रेनला ते थोडं चालायचं. कमी दाबावर काम करणाऱ्या पॉलिअमाइड मेम्ब्रेनची रेणूसाखळी मात्र मोकळ्या क्लोरीनने तुटते. म्हणून क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचं सौम्य संयुग. सांडपाण्यात अमोनिया असतोच, त्यात हायपोक्लोराइट (क्लोरीनचं द्रावण) सोडलं की झालं. मात्र वजनाने क्लोरीन अमोनियातल्या नायट्रोजनच्या पाचपटीखाली ठेवावं लागतं. आधीच्या टाकीत नायट्रिफिकेशन (जिवाणूंनी अमोनियाचं नायट्रेट करणं) जोरात झालं आणि अमोनिया घसरला, तर क्लोरीन मोकळं उरतं आणि तोच डोस पॉलिअमाइडवर उलटतो. त्यामुळे काही ठिकाणी अमोनिया वरून घालतात.

खरा वाद पेटला तो एनडीएमएवरून (नायट्रोसोडायमिथाइलअमाइन). हा कर्करोगकारक मानला जाणारा पदार्थ क्लोरामाइनमुळे तयार होतो, आणि रेणू लहान व विद्युतभाररहित असल्याने त्याचा बराच भाग आरओतून पार जातो. कॅलिफोर्नियात त्याची सूचना देण्याची पातळी (जिच्यावर गेल्यास कळवावं लागतं) लिटरला अवघे १० नॅनोग्रॅम आहे. मेम्ब्रेन वाचवायला पाण्यात विष का कालवता, हा आक्षेप रास्तच होता. तरीही क्लोरामाइनचा डोस बंद करणं चुकीचं ठरलं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे. थर वाढला की दाब वाढतो, कॉस्टिकची धुलाई वारंवार करावी लागते आणि मेम्ब्रेन अकाली बाद होतात. तोडगा निघाला तो आरओच्या पुढे: तीव्र अतिनील किरण, जोडीला हायड्रोजन पेरॉक्साइड. एनडीएमए मुख्यतः किरणांनीच फुटतो.

त्यानंतरचा भर डोस कसा द्यायचा यावर आहे. क्लोरामाइनच्या दोन रूपांपैकी डायक्लोरामाइनमुळे (दोन क्लोरीन अणूंचं) एनडीएमए जास्त बनतो, म्हणून सामू आणि मिसळण्याची जागा पाहून मोनोक्लोरामाइनच (एका क्लोरीन अणूचं) हाती राहील असं बघितलं जातं.