प्रार्थना कोणाची? : अमेरिकेतील सरकारी शाळा आणि ख्रिस्ती विद्यार्थी

अमेरिकेतील सरकारी शाळांत शिकणाऱ्या ख्रिस्ती मुलांविषयी चर्चा निघाली की एक वाक्य हमखास पुढे येते : १९६२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतून देवाला बाहेर काढले. त्या वाक्यामागची अनेक पालकांची वेदना खरी आहे आणि ती कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु ते वाक्य इतिहास मध्येच उघडते. त्याआधीची सव्वाशे वर्षे त्यात गळून पडतात, आणि त्या वर्षांत शाळेतील सक्तीच्या धर्मपाठापुढे न झुकण्याची किंमत ज्यांनी मोजली, त्यांत ख्रिस्ती घरांतील मुलेच ठळकपणे दिसतात, ही गोष्टही विसरली जाते. आपल्याकडे ‘पब्लिक स्कूल’ म्हटले की महागडी खासगी शाळा डोळ्यांपुढे येते. येथे मात्र करांच्या पैशांतून चालणारी, सर्वांना मोफत असणारी शाळा अभिप्रेत आहे.

या शाळांचा पाया मॅसॅच्युसेट्स राज्यात १८३७ च्या सुमारास रचला गेला. त्या वर्षी राज्याचे शिक्षण मंडळ स्थापन झाले आणि होरेस मान त्याचे सचिव झाले. एकाच बाकावर सर्व पंथांची मुले बसावीत, म्हणून कोणत्याही पंथाची शिकवण शाळेत देऊ नये, मात्र नीतीचे शिक्षण सुटू नये, असा त्यांचा विचार होता. त्यासाठी त्यांनी मार्ग काढला तो बायबलच्या वाचनाचा : शिक्षकाने उतारा वाचावा, त्यावर भाष्य करू नये. मान यांना ही तडजोड सर्वांना न्याय देणारी वाटत होती. पण वाचले जाई ते १६११ सालचे किंग जेम्स भाषांतर, म्हणजे प्रोटेस्टंटांचे बायबल, आणि भाष्याविना केवळ वाचन ही कल्पनाच मुळात प्रोटेस्टंट होती. आयर्लंड आणि जर्मनीतून येणाऱ्या कॅथलिक कुटुंबांचे शास्त्र डुए भाषांतराचे होते आणि शास्त्राचा अर्थ चर्चच्या परंपरेतून समजून घ्यायचा, ही त्यांची रीत होती. बहुसंख्यांना जे सर्वसमावेशक वाटते ते अल्पसंख्याकाला परके वाटू शकते, याचा इतका स्पष्ट दाखला क्वचितच सापडेल.

फिलाडेल्फियाचे बिशप फ्रान्सिस केनरिक यांनी १८४२ मध्ये शाळा नियंत्रकांकडे विनंती केली की कॅथलिक मुलांना त्यांचे स्वतःचे बायबल वाचू द्यावे आणि इतर धर्मपाठांतून वगळावे. मागणी माफक होती. परंतु कॅथलिकांना शाळांतून बायबलच हद्दपार करायचे आहे, असा प्रचार झाला आणि मे व जुलै १८४४ मध्ये शहरात दंगली उसळल्या. सेंट मायकल आणि सेंट ऑगस्टीन ही दोन चर्चे जाळण्यात आली, किमान वीस माणसे मारली गेली.

बॉस्टनमधील प्रसंग याहून लहान असला तरी मला तो अधिक बोलका वाटतो, कारण त्याच्या केंद्रस्थानी एक शाळकरी मुलगा आहे. मार्च १८५९ मध्ये एलियट शाळेतील थॉमस व्हॉल या जेमतेम दहा-अकरा वर्षांच्या कॅथलिक मुलाने बायबलमधील दहा आज्ञा प्रोटेस्टंट पाठाप्रमाणे म्हणण्यास नकार दिला. दोन्ही परंपरांत आज्ञा त्याच आहेत, पण त्यांची विभागणी वेगळी आहे : कोरीव मूर्ती करू नकोस हे वचन बहुतेक प्रोटेस्टंट परंपरांत स्वतंत्र दुसरी आज्ञा ठरते, तर कॅथलिक परंपरेत ते पहिल्या आज्ञेतच सामावते. वसईच्या कॅथलिक आणि नगरच्या प्रोटेस्टंट घरांतील मुले आजही आज्ञांचे क्रमांक वेगवेगळे सांगतात, ते याच कारणाने. सहायक शिक्षकाने थॉमसच्या हातांवर बराच वेळ वेताच्या छड्या मारल्या. शेकडो कॅथलिक मुले त्या शाळेबाहेर गेली. शिक्षकावर खटला झाला आणि तो निर्दोष सुटला. अशा अनुभवांतूनच कॅथलिकांनी स्वतःच्या शाळांचे जाळे उभारले. १८८४ च्या बाल्टिमोर परिषदेने तर प्रत्येक पॅरिशने (धर्मग्रामाने) दोन वर्षांच्या आत शाळा काढावी असे ठरवले. दुसरीकडे काही राज्यांत मार्ग बदलू लागले होते. सिनसिनाटीच्या शाळा मंडळाने १८६९ मध्ये बायबल वाचन थांबवले आणि ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७२ मध्ये मंडळाचा तो अधिकार मान्य केला. १८९० मध्ये विस्कॉन्सिनच्या न्यायालयाने एजर्टन गावच्या कॅथलिक पालकांची तक्रार ग्राह्य धरून किंग जेम्स बायबलचे शाळेतील वाचन हे पंथीय शिक्षणच आहे, असा निर्णय दिला.

या काळाचा एक धागा मराठी मुलखालाही येऊन मिळतो. ज्या मॅसॅच्युसेट्समध्ये मान यांनी आपला प्रयोग केला, तिथेच १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड या मिशनसंस्थेची स्थापना झाली होती आणि तिचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले होते. पुढे अहमदनगर हे त्यांच्या मराठी मिशनचे मोठे केंद्र झाले. त्यांच्या स्वतःच्या शाळांत पवित्र शास्त्र शिकवले जाई. इथल्या सरकारी शाळांचे धोरण मात्र निराळे ठरले. १८५४ च्या वुडच्या खलित्याने सरकारी शाळांतील शिक्षण केवळ लौकिक असावे असे सांगितले, आणि तरीही नोंदवले की बायबल शाळांच्या ग्रंथालयांत ठेवलेले आहे, विद्यार्थी ते मोकळेपणाने पाहू शकतात आणि त्यांनी स्वेच्छेने प्रश्न विचारल्यास शिक्षकांनी शाळेच्या वेळेबाहेर उत्तर देण्यास हरकत नाही. विद्यार्थ्याची इच्छा आणि शाळेच्या वेळेबाहेरचा वेळ या दोन अटी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत, कारण अमेरिकेचा कायदा पुढे १३० वर्षांनी जवळजवळ याच अटींपाशी येऊन थांबला.

अमेरिकेच्या राज्यघटनेची पहिली दुरुस्ती धर्माची स्थापना करणारा किंवा धर्माच्या मुक्त आचरणाला मनाई करणारा कायदा करण्यास बंदी घालते. परंतु ही बंदी दीर्घकाळ फक्त केंद्र सरकारला लागू मानली जात होती आणि शाळा तर राज्यांच्या अखत्यारीत होत्या. सर्वोच्च न्यायालयाने मुक्त आचरणाचे कलम १९४० मध्ये आणि धर्मस्थापनेस मनाई करणारे कलम १९४७ मध्ये राज्यांना लागू केले. शाळांतील धर्माचे खटले त्यानंतरच त्या न्यायालयापुढे एकामागून एक का येऊ लागले, याचे उत्तर यात आहे.

त्यांतील सर्वांत महत्त्वाचा खटला प्रार्थनेचा नव्हता, तो ध्वजवंदनाचा होता. पेनसिल्व्हेनियातील माइनर्सव्हिल या खाणकामगारांच्या गावात १९३५ मध्ये बारा वर्षांची लिलियन आणि दहा वर्षांचा विल्यम गोबायटस या भावंडांनी ध्वजाला वंदन करण्याचे नाकारले. ते यहोवाचे साक्षीदार या पंथाचे होते आणि बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायातील मूर्तिपूजेच्या निषेधाचा आधार ते देत होते. विल्यमने शाळा मंडळाला स्वतःच्या हाताने पत्र लिहून कळवले की आपण देवाच्या इच्छेप्रमाणे वागण्याचे वचन दिले आहे आणि देशावर आपले प्रेम आहे. दोघांना शाळेतून काढण्यात आले. जून १९४० मध्ये, युरोपात फ्रान्स कोसळत असताना, सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी शाळेची बाजू घेतली. त्यानंतर देशभर या पंथाच्या लोकांवर हल्ले झाले. मेन राज्यातील केनेबंक येथे त्यांचे सभागृह जाळण्यात आले. दोन वर्षांतच बहुमतातील तीन न्यायमूर्तींनी आपले मत चुकल्याचे जाहीरपणे नमूद केले, आणि १४ जून १९४३ रोजी वेस्ट व्हर्जिनियातील बार्नेट कुटुंबाच्या खटल्यात न्यायालयाने आपलाच निकाल फिरवला. राजकारणात, राष्ट्रप्रेमात किंवा धर्मात कोणते मत प्रमाण मानावे हे कोणताही अधिकारी, मग तो मोठा असो वा लहान, ठरवू शकत नाही, असे न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी त्या निकालात लिहिले. महायुद्ध ऐन भरात असताना हे लिहिण्यासाठी धैर्य लागले असणार. शाळेच्या आवारात विद्यार्थ्याची सदसद्विवेकबुद्धी जिवंत राहते, हे तत्त्व येथून पक्के झाले, आणि ते एका अप्रिय ख्रिस्ती अल्पसंख्य गटामुळे झाले.

१९६२ चा निकाल या पार्श्वभूमीवर वाचायला हवा. न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण नियामकांनी १९५१ मध्ये मूळ इंग्रजीत २२ शब्दांची एक प्रार्थना रचली होती : हे सर्वसमर्थ देवा, आम्ही तुझ्यावर अवलंबून आहोत हे मान्य करतो आणि आमच्यावर, आमच्या आईवडिलांवर, शिक्षकांवर व देशावर तुझा आशीर्वाद मागतो. ख्रिस्ताचे नाव तीत नव्हते आणि मुलांना वगळण्याची सोयही होती. न्यू हाइड पार्क येथील पाच पालकांनी तिला आव्हान दिले. त्यांत यहुदी होते, त्रैक्य न मानणारे युनिटेरियन होते, एक निरीश्वरवादीही होता. २५ जून १९६२ रोजी सहा विरुद्ध एक मतांनी ही प्रार्थना घटनाबाह्य ठरली. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी पूर्वी बॅप्टिस्ट चर्चच्या शब्बाथशाळेत अनेक वर्षे शिकवले होते. सरकारने अधिकृत प्रार्थना रचणे हे सरकारचे कामच नाही, आणि सत्ता व धर्म एकत्र आले की सत्ता नाश पावते व धर्माची अधोगती होते, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढच्या वर्षी, १७ जून १९६३ रोजी, शाळेत रोज बायबलमधील दहा वचने वाचण्याचा पेनसिल्व्हेनियाचा कायदाही रद्द झाला. त्याच निकालात न्यायमूर्ती टॉम क्लार्क यांनी साहित्य आणि इतिहास म्हणून बायबलचा अभ्यास शाळेत होऊ शकतो, हेही स्पष्ट केले.

विरोध प्रचंड झाला. १९६२ च्या निकालानंतर दोनच दिवसांत राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी पत्रकारांना सांगितले की यावर सोपा उपाय आहे, आपण स्वतः घरी अधिक प्रार्थना करावी. १९६४ मध्ये घटनादुरुस्तीचा प्रयत्न झाला तेव्हा संसदीय समितीपुढे अनेक चर्चनेत्यांनीच तिच्या विरोधात साक्ष दिली आणि तो मागे पडला.

पुढचा गोंधळ मात्र खरा होता आणि त्याचा त्रास श्रद्धावान मुलांनाच झाला. न्यायालयाने शाळेची प्रार्थना थांबवली होती, विद्यार्थ्याची नव्हे. परंतु खटल्याच्या भीतीने अनेक ठिकाणी हा भेद पुसला गेला. न्यूयॉर्क राज्यातील गिल्डरलंड येथे काही विद्यार्थ्यांना वर्ग भरण्यापूर्वी एका खोलीत स्वेच्छेने प्रार्थनेसाठी जमायचे होते. त्यांना परवानगी नाकारली गेली आणि १९८० मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने तो नकार उचलून धरला. माझ्या मते श्रद्धावान मुलांवर खरा अन्याय झाला तो येथे.

बाहेर पडण्याची वाट आधीच एका वेगळ्या खटल्यात तयार झाली होती. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ काळ्या फिती बांधून शाळेत गेलेल्या मेरी बेथ आणि जॉन टिंकर या भावंडांचे वडील मेथडिस्ट पाळक होते. १९६९ मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल देताना म्हटले की विद्यार्थी आपले अभिव्यक्तिस्वातंत्र्य शाळेच्या फाटकाबाहेर ठेवून आत येत नाहीत. हाच आधार पुढे प्रार्थना करणाऱ्या मुलांना मिळाला. १९८१ मध्ये मिसूरी विद्यापीठातील एका ख्रिस्ती विद्यार्थी गटाला इतर गटांप्रमाणे खोली मिळण्याचा हक्क मान्य झाला आणि ११ ऑगस्ट १९८४ रोजी समान प्रवेश कायद्यावर राष्ट्राध्यक्ष रेगन यांची सही झाली. सरकारी मदत घेणारी माध्यमिक शाळा जर अभ्यासक्रमाबाहेरच्या एकाही विद्यार्थी मंडळाला जागा देत असेल, तर धार्मिक मंडळाला तिने नाही म्हणू नये, असे हा कायदा सांगतो. मात्र मंडळ विद्यार्थ्यांनीच काढलेले असावे, शिक्षकाने केवळ देखरेखीपुरते हजर राहावे आणि बाहेरच्या व्यक्तींनी ते चालवू नये, या अटी त्यात आहेत. १९८५ मध्ये नेब्रास्कातील ओमाहा येथे ब्रिजेट मर्गन्स या विद्यार्थिनीने बायबल अभ्यासमंडळासाठी परवानगी मागितली. त्या शाळेत बुद्धिबळाचे आणि पाण्याखाली पोहण्याच्या (स्कूबा डायव्हिंगच्या) छंदाचेही मंडळ होते, पण तिला नकार मिळाला. ४ जून १९९० रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी तिची बाजू घेतली. सरकारने धर्माचा पुरस्कार करणे निषिद्ध आहे, पण व्यक्तीने स्वतः धर्माचा पुरस्कार करणे संरक्षित आहे, हा न्यायमूर्ती सँड्रा डे ओ’कॉनर यांनी केलेला भेद या सगळ्या इतिहासाची किल्ली आहे. त्याच वर्षी टेक्सासमधील किशोरवयीन मुलांनी शाळेच्या ध्वजस्तंभाभोवती जमून प्रार्थना करण्याची प्रथा सुरू केली. सप्टेंबरमधील ती प्रथा आजही चालू आहे. हाच कायदा पुढे समलिंगी विद्यार्थ्यांच्या मंडळांनाही उपयोगी पडला, हे येथे नोंदवायला हवे.

१९९५ मध्ये क्लिंटन सरकारने देशातील सर्व शाळाधिकाऱ्यांना मार्गदर्शक सूचना पाठवल्या : मुले मोकळ्या वेळेत बायबल वाचू शकतात, जेवणाआधी आभार मानू शकतात, परीक्षेपूर्वी प्रार्थना करू शकतात आणि मित्रांशी विश्वासाविषयी बोलू शकतात, मात्र त्यातून इतरांना त्रास होता कामा नये. उलट बाजूने १९९२ मध्ये पदवीदान समारंभातील आणि २००० मध्ये टेक्सासमधील फुटबॉल सामन्यांपूर्वीची ध्वनिक्षेपकावरची प्रार्थना अमान्य झाली. या दुसऱ्या खटल्यातील तक्रारदार कुटुंबांपैकी एक मॉर्मन होते आणि एक कॅथलिक. गावातील छळाच्या भीतीने न्यायालयाने त्यांची नावे गुप्त ठेवली होती. २०२२ मध्ये सामन्यानंतर मैदानावर गुडघे टेकणाऱ्या एका प्रशिक्षकाच्या बाजूने निकाल लागला आणि शिक्षकांची वैयक्तिक प्रार्थना व शाळेची प्रार्थना यांतील सीमा पुन्हा वादाची झाली. २०२४ मध्ये लुइझियानाने प्रत्येक वर्गात दहा आज्ञांचा फलक लावण्याचा कायदा केला. तो फलक एका ठराविक पाठाचा आहे, आणि थॉमस व्हॉलच्या हातांवरील छड्या ज्यांना आठवतात त्यांना हा प्रश्न नवा वाटणार नाही. त्या कायद्याविरुद्ध न्यायालयात गेलेल्या पालकांत ख्रिस्ती पाळकही होते.

भारताच्या राज्यघटनेतील अनुच्छेद २८ नुसार पूर्णतः सरकारी निधीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेतही विद्यार्थ्याला, तो अल्पवयीन असेल तर पालकाच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. १९८५ च्या जुलैमध्ये केरळातील एका शाळेतून बिजो, बिनू मोल आणि बिंदू इमॅन्युएल या तीन भावंडांना काढण्यात आले. तीही यहोवाचे साक्षीदार पंथाची होती. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण गात नसत. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शाळेत परत घेण्याचा आदेश दिला. न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी त्या निकालात माइनर्सव्हिलचा आणि वेस्ट व्हर्जिनियाचा असे दोन्ही अमेरिकी निकाल तपासले, मुलांचा विश्वास इतरांना पटतो की नाही यापेक्षा तो प्रामाणिकपणे धरलेला आहे की नाही हे पाहिले, आणि शेवटी लिहिले की आपली परंपरा सहिष्णुता शिकवते, आपले तत्त्वज्ञान सहिष्णुतेचा उपदेश करते, आपली राज्यघटना सहिष्णुता आचरते, ती आपण पातळ होऊ देऊ नये.