बेडक्यातला टीबी दोन तासांत सापडतो, मग सहा आठवडे कशाला थांबायचं?

टीबीचा संशय आला की हल्ली रुग्णाच्या फायलीत दोन-तीन वेगवेगळे कागद जमतात. एकावर ‘एएफबी स्मिअर निगेटिव्ह’, म्हणजे काचेच्या पट्टीवर जंतू दिसला नाही. दुसऱ्यावर ‘एमटीबी डिटेक्टेड, रिफ रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड’, म्हणजे क्षयाचा जंतू सापडला, पण रिफाम्पिसिन या औषधाला रोध आढळला नाही. तिसऱ्यावर नुसतंच ‘कल्चर लावलं आहे, रिपोर्ट सहा आठवड्यांनी’, म्हणजे जंतू वाढवायला ठेवला आहे. घरच्यांचा प्रश्न ठरलेला असतो. एक कागद म्हणतो जंतू नाही, दुसरा म्हणतो आहे, मग खरं कुणाचं? आणि दोन तासांत उत्तर मिळालंय, तर तिसऱ्याची वाट कशाला बघायची?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: दोन्ही कागद खरे असू शकतात. दुसऱ्यासाठी प्रयोगशाळेत थोडं आत जावं लागेल, कारण तिथली प्रत्येक तपासणी जंतूला वेगळा प्रश्न विचारते.

सुरुवात काचेच्या पट्टीपासून करू. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. त्यानंतर काही वर्षांतच झील आणि नील्सन यांच्या नावाने ओळखली जाणारी रंगवण्याची पद्धत रूढ झाली, ती आजही चालू आहे. बेडका पट्टीवर पातळ पसरायचा, वाळवायचा, वर लालभडक कार्बॉल फुक्सिन ओतायचं आणि वाफा दिसेपर्यंत पट्टी खालून तापवायची. क्षयाच्या जंतूभोवती मेणचट कवच असतं. गार रंग त्यात सहज शिरत नाही, पण उष्णतेने आत गेलेला रंग मग अ‍ॅसिडने धुतला तरी निघत नाही. पट्टीवरचं बाकी सगळं मात्र रंग सोडून देतं आणि शेवटी मेथिलीन ब्लू टाकलं की निळं होतं. निळ्या पसाऱ्यात बारीक लाल काड्या दिसल्या की टेक्निशियन त्या मोजतो. सूक्ष्मदर्शकातून एका वेळी जेवढा भाग दिसतो ते एक फील्ड; अशी शंभर फील्ड पाहून एक ते नऊ काड्या मिळाल्या तर ‘स्कँटी’, दहा ते नव्व्याण्णव मिळाल्या तर ‘१+’. अशा पट्ट्या दिवसभर बघून डोळ्यांचं काय होतं, ते टेक्निशियनलाच विचारावं.

या तपासणीचा खर्च किरकोळ आहे, पण तिची नजर अधू आहे. एक मिलिलिटर बेडक्यात साधारण पाच ते दहा हजार जंतू असतील तरच ते पट्टीवर दिसतात. म्हणून आजार असूनही ‘निगेटिव्ह’ येणं मुळीच नवलाचं नाही. पण पट्टी एक गोष्ट चांगली सांगते. ज्याच्या पट्टीवर काड्या दिसतात, त्या माणसाच्या खोकल्यातून इतरांना लागण होण्याचा धोका जास्त असतो.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. डबीत काय आलंय? अनेकदा फेसाळ पांढरी थुंकी येते. अनुभवी टेक्निशियन डबी उजेडात धरून बघतो आणि परत पाठवतो: “आजोबा, थुंकी नको. सकाळी उठल्याउठल्या चूळ भरा, खोल श्वास घ्या, खाकरून छातीतला बेडका काढा.” यंत्र लाखांचं असो की कोटींचं, डबीत लाळ असेल तर उत्तरही लाळेचंच येणार. लहान मुलांना बेडका काढताच येत नाही, ती तो गिळतात. म्हणून पूर्वी सकाळी उपाशीपोटी नाकातून नळी घालून त्यांच्या जठरातला द्राव काढावा लागे. गिळलेल्या जंतूंचा डीएनए शौचातही सापडतो, आणि शौचाचा नमुना चालतो हे जागतिक आरोग्य संघटनेने आता मान्य केलं आहे. माझ्या मते गेल्या काही वर्षांतली ही मोठी सुधारणा आहे, जरी तिच्यात चमकदार असं काही नाही.

आता त्या सहा आठवड्यांकडे येऊ. आतड्यातला ई. कोलाय जंतू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जंतूला त्यासाठी अठरा ते वीस तास लागतात. तोवर बेडक्यातले बाकीचे जंतू सगळं खाऊन फस्त करतील, म्हणून नमुन्यावर आधी सोडियम हायड्रॉक्साइडची प्रक्रिया करतात. बाकीचे मरतात, मेणचट कवचामुळे आपला जंतू बऱ्यापैकी तग धरतो. मग तो अंड्यापासून बनवलेल्या हिरवट लोवेनस्टाइन-जेन्सन माध्यमावर लावायचा आणि बदामी, खरबरीत वसाहती दिसायची तीन ते आठ आठवडे वाट बघायची. द्रवमाध्यमाच्या एमजीआयटी नळ्यांनी हा वेळ बराच कमी केला. या नळीच्या तळाशी एक चमकणारा पदार्थ असतो आणि द्रवातला ऑक्सिजन त्याची चमक दाबून ठेवतो. जंतू वाढले की ऑक्सिजन संपतो, तळ चमकू लागतो आणि यंत्र ते टिपतं. तरी ‘जंतू नाही’ असं म्हणायला बेचाळीस दिवस थांबावंच लागतं. कागदावरचे सहा आठवडे ते हेच.

पण कल्चर जे सांगतं, ते दुसरं कुणी सांगत नाही. एक म्हणजे जंतू जिवंत आहे. दुसरं, नळीत औषध घातलं आणि तरीही तो वाढला, तर तो त्या औषधाला दाद देत नाही हे डोळ्यांसमोर सिद्ध होतं. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २०१२च्या सुमारास तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणाऱ्या टीबीचे रुग्ण नोंदवले, ते अशाच चाचण्यांच्या आधारावर. ‘पूर्णपणे औषधरोधी’ या शब्दावर तेव्हा मोठा वाद झाला. काही औषधांच्या बाबतीत प्रयोगशाळेतली चाचणीच पुरेशी भरवशाची नाही, हा आक्षेप होता आणि तो पूर्ण चुकीचा नव्हता. पण त्या वादामुळे मुंबईतल्या टीबीकडे सरकारला लक्ष द्यावं लागलं.

रक्तातली अँटिबॉडी बघून टीबी ओळखणाऱ्या चाचण्यांबद्दल एकच वाक्य पुरे: त्या इतक्या बेभरवशाच्या निघाल्या की २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या वापरू नका असं बजावलं आणि २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांच्यावर बंदी घातली.

दोन तासांचं यंत्र म्हणजे जीनएक्सपर्ट. अमेरिकेत २००१ मध्ये टपालातून अँथ्रॅक्सची पाकिटं आली, त्यानंतर तिथल्या टपाल खात्याने जंतू हुडकण्यासाठी जी यंत्रणा बसवली, तिच्यात हेच तंत्र होतं. टीबीसाठीच्या त्याच्या कार्ट्रिजला, म्हणजे नमुना ओतायच्या बंद डबीला, जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली डिसेंबर २०१० मध्ये. बेडक्यात रसायन मिसळून पंधरा मिनिटं ठेवायचं, कार्ट्रिजमध्ये ओतायचं, झाकण लावायचं. पुढचं सगळं आत होतं: जंतू गाळले जातात, ध्वनिलहरींनी फोडले जातात आणि त्यांच्या डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती निघतात. पहिल्या कार्ट्रिजला मिलिलिटरमागे सव्वाशे-दीडशे जंतू पुरत, नंतरच्या ‘अल्ट्रा’ला सोळाच्या आसपास पुरतात. पट्टीचे पाच हजार आठवले की फायलीतल्या दोन कागदांचा वाद मिटतो.

हा तुकडा मुद्दाम निवडलेला आहे. रिफाम्पिसिन हे औषध जंतूच्या ज्या प्रथिनावर घाव घालतं, त्याचा आराखडा आरपीओबी या जनुकात असतो. त्यातल्या डीएनएच्या अवघ्या ८१ अक्षरांच्या पट्ट्यात रिफाम्पिसिनला निष्प्रभ करणारे ९५ टक्क्यांहून अधिक बदल घडतात. पहिल्या कार्ट्रिजमध्ये या पट्ट्यावर बसणारे पाच चमकणारे प्रोब, म्हणजे जुळणाऱ्या अक्षरांवर चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे, होते. मूळ अक्षरं जशीच्या तशी असली की पाचही चमकतात. एखादं अक्षर बदललं की तिथला प्रोब नीट बसत नाही आणि त्याची चमक उमटत नाही किंवा उशिरा उमटते. म्हणजे रोध आहे हे यंत्राला न आलेल्या चमकेवरून कळतं.

या यंत्राला अखंड वीज हवी आणि खोली थंड हवी. तालुक्याच्या गावात मे महिन्यात हे कसं जमायचं? गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट इथे कामाला आलं. ते बॅटरीवर चालतं, छोट्या चिपवर चाचणी होते आणि तासाभरात टीबी आहे की नाही ते कळतं. असेल तर दुसरी चिप लावून रिफाम्पिसिनचं बघायचं. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. त्याच वर्षी कोविड आला आणि हीच यंत्रं त्या कामाला जुंपली गेली.

मग कल्चर बंद का नाही करत? एक कारण असं की डीएनए मेलेल्या जंतूचाही उरतो. माणूस गेला तरी रेशनकार्डावर नाव राहावं, तशातला प्रकार. म्हणून उपचार लागू पडताहेत का, हे या यंत्राला विचारत नाहीत. त्यासाठी आजही पट्टी आणि कल्चरच लागतं. दुसरं कारण एस्वातिनी या आफ्रिकी देशात दिसलं. तिथे रिफाम्पिसिनला दाद न देणाऱ्या बऱ्याच जंतूंमधला बदल त्या ८१ अक्षरांच्या बाहेर होता. यंत्र ‘रोध नाही’ म्हणत राहिलं, कल्चरच्या नळीत मात्र जंतू औषधातही वाढत होता. शिवाय मूळ कार्ट्रिज आयसोनियाझिड या टीबीच्या दुसऱ्या मुख्य औषधाबद्दल अवाक्षर काढत नाही. त्यासाठी जनुकांतले बदल पट्टीवरच्या रेघांतून दाखवणारी लाइन प्रोब चाचणी किंवा नंतर आलेलं वेगळं कार्ट्रिज लागतं.

यावरचा उपाय म्हणजे तुकडे न बघता जास्त मजकूर वाचायचा. क्षयाच्या जंतूचा सुमारे ४४ लाख अक्षरांचा जनुकसंच १९९८ मध्ये वाचून झाला. आता थेट बेडक्यातून निवडक जनुकं सलग वाचणाऱ्या चाचण्या आल्या आहेत, २०२४ मध्ये त्यांचीही शिफारस झाली. अनेक औषधांबद्दलचं उत्तर त्या एका दमात देतात. त्याच वर्षी भारतात औषधरोधी टीबीसाठी सहा महिन्यांच्या नव्या उपचारांना मंजुरी मिळाली. त्यांचा कणा आहे बेडाक्विलिन. पण या औषधाला निकामी करणारे बदल ८१ अक्षरांत गोळा झालेले नाहीत. ते जनुकभर विखुरलेले आहेत आणि अक्षर बदललेलं दिसलं तरी औषध हरलं की नाही हे दर वेळी सांगता येत नाही. अशा वेळी बेडाक्विलिन घातलेली नळी लावायची आणि जंतू वाढतो का बघायचं. तो अजूनही दुप्पट व्हायला अठरा ते वीस तासच घेतो.