यकृतातील एपिथेलिऑइड हिमँजिओएन्डोथेलिओमा

रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तर पेशींपासून यकृतात उद्भवणारे विरळ मारक अर्बुद (कर्करोगाची गाठ). प्रौढांत, त्यातही स्त्रियांत काहीसे अधिक आढळते. वाढ बहुधा संथ, परंतु रोगाची पुढची वाटचाल आधी सांगता येत नाही.

डेल आणि लीबो यांनी १९७५ मध्ये फुप्फुसातील अशाच अर्बुदाचे वर्णन केले, तेव्हा ते वायुकोशांच्या अस्तरातून निघून वाहिन्यांत शिरते असे मानले गेले. पुढे मूळ पेशी वाहिन्यांच्याच असल्याचे दिसून आले. वाइस व एन्झिंगर यांनी १९८२ मध्ये मऊ ऊतकांतील अर्बुदाला आजचे नाव दिले; इशाक व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये यकृतातील ३२ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. यकृतात गाठी बहुधा अनेक असतात. त्या स्वतंत्रपणे उगवतात की एकीपासून पसरतात, हा वाद जुना आहे. २०११ मध्ये या अर्बुदातील डब्ल्यूडब्ल्यूटीआर१ व कॅमटा१ या जनुकांचा संयोग उघड झाला. त्यानंतर मोजक्या रुग्णांच्या निरनिराळ्या गाठींत संयोगाचा तुटबिंदू (जनुके तुटून जोडली गेल्याची नेमकी जागा) तोच आढळला, म्हणजे त्या गाठी एकाच मूळ पेशीच्या असाव्यात. त्यामुळे एकीपासून पसरण्याचे मत अधिक ग्राह्य वाटते.

सीटी व एमआरआयमध्ये गाठी यकृताच्या कडेला, आवरणालगत दिसतात आणि वाढता वाढता एकमेकींत मिसळतात. मधला तंतुमय भाग आक्रसल्याने आवरण आत ओढले जाते. बहुतेक अर्बुदे आवरण बाहेर ढकलतात, म्हणून ही खूण मोलाची; मात्र पित्तनलिकेच्या कर्करोगातही ती आढळते. मध्यभाग तंतुमय व कडेला जिवंत पेशी, यामुळे एमआरआयमध्ये गाठ नेमबाजीच्या लक्ष्यासारखी वलयांकित दिसते. अर्बुद शिरांच्या पोकळीतून वाढत त्या बुजवते. म्हणून यकृतशीर किंवा प्रतिहारी शिरेची (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणारी शीर) शाखा गाठीच्या कडेशी निमुळती होऊन थांबते. याला ‘लॉलीपॉप चिन्ह’ म्हणतात. रक्तातील अल्फा-फीटोप्रोटीन (यकृतपेशींच्या कर्करोगात अनेकदा वाढणारे प्रथिन) सहसा वाढलेले नसते.

या खुणा संशय बळकट करतात, पण निदान बायोप्सीनेच करावे. तिथेही चकवा आहे: पेशींतील सूक्ष्म पोकळ्या पाहून ग्रंथींचा कर्करोग वाटू शकतो, आणि काही पेशी केराटिनचे (अस्तर पेशींतील प्रथिन) रंजनही, म्हणजे ते प्रथिन ओळखणारा रंगही, दाखवतात. सीडी३१, सीडी३४ व ईआरजी ही रंजने वाहिनीजन्य मूळ दाखवतात. पेशीकेंद्रातील कॅमटा१चे रंजन अधिक नेमके. थोड्या अर्बुदांत मात्र वायएपी१ व टीएफई३ यांचा संयोग असतो, तिथे कॅमटा१चा आधार मिळत नाही.

गाठी अनेक असल्याने दुसरीकडून पसरलेला कर्करोग समजण्याची चूक होते. ती रुग्णाला महागात पडते, कारण तशा पसरलेल्या कर्करोगात सहसा यकृतरोपण करत नाहीत, तर या रोगात गाठी यकृताबाहेर असतानाही निवडक रुग्णांत यकृतरोपण केले जाते.